जाड लोकरीचे प्रकरण

सूक्ष्म कलांचा उपसर्ग सोसण्याची सवय आमच्या देहाला विवाहानंतर लवकरच जडली. आमच्या सौभाग्यवतींच्या हाती क्रोशाची जी बारीक पोलादी सुई होती, तिच्या अंगी घरातील यच्चयावत उघड्या पृष्ठभागांना जाळीदार वस्त्र नेसविण्याची ईर्ष्या असल्यामुळे, प्रथम रेडिओ, त्यानंतर टेलिफोन, मग दूरदर्शनचा संच, पुढे मिक्सर आणि अखेरीस पाण्याचा माठसुद्धा पांढऱ्या दोऱ्याच्या झालरीखाली गेला; आणि ज्या वेळी इतर गृहस्थ स्वस्थचित्ताने बातम्या ऐकत असत त्या वेळी आम्ही मुका खांब, अर्धा खांब आणि दुहेरी खांब यांतील भेद ऐकत असू. लोकरीच्या हंगामात तर आमचे दोन्ही हात सरकारजमा होत. लोकरीची लडी गुंड्यात उतरवायची म्हणजे समोर कोणीतरी हात पसरून निश्चल बसावे लागते. त्या उपकरणाला शास्त्रीय परिभाषेत काय म्हणत असतील ते असो, आमच्या घरी त्याला ‘अहो’ म्हणतात.

तथापि या सूक्ष्म कलेविरुद्ध आमची लेखी तक्रार कधीच नव्हती, कारण तिच्यात विलंबाची फार मोठी सोय होती. तान्ह्या मुलाच्या झबल्यासाठी जी बारीक लोकर घेतात तिचे चार इंचांत तीसएक टाके बसतात, आणि ते टाके घालणारी व्यक्ती मधूनच पोळ्या लाटते, भाजीवाल्याशी तंटा करते, आणि पुष्कळदा ‘मोजायचं चुकलं बाई’ असे म्हणून वीतभर काम एका हिसड्यासरशी उसवतेही. त्यामुळे ज्या बालकाच्या नावे झबले मुक्रर झालेले असते त्याची मुंज ठरली तरी झबल्याला गळा लागलेला नसतो, आणि मग ते पुढील बालकाच्या नावे वर्ग करण्यात येते. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा देशभरातील स्त्रिया सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणीत होत्या, आणि आमच्या आत्याबाईंनीही मोठ्या त्वेषाने सुया हाती घेतल्या होत्या. परंतु २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली तेव्हा आत्याबाईंची नुसती पाठ पूर्ण झालेली होती. त्या युद्धबंदीमागील राजकारणाची मीमांसा विद्वानांनी अनेक प्रकारे केलेली आहे. आत्याबाई मात्र अखेरपर्यंत एवढेच म्हणत, ‘‘मेल्यांना बाह्यांपुरतंसुद्धा थांबवेना!’’

अशा संथ आणि निरुपद्रवी परंपरेत वाढलेल्या आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतींच्या भगिनीची कन्या अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतातून आली, आणि येताना मावशीसाठी एक अपूर्व भेट घेऊन आली. प्रथमदर्शनी ती वस्तू म्हणजे पारदर्शक पिशवीत बंद केलेली, आतील हवा शोषून घेतल्यामुळे कडक झालेली एक निरुपद्रवी पांढरी चौकट होती. सौभाग्यवतींनी पिशवीला कात्री लावली मात्र, आणि त्या चौकटीने जो दीर्घ श्वास घेतला तो दिवाणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचल्यावरच थांबला. आम्ही त्या दिवाणावर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, ही गोष्ट त्यानंतर सर्वांच्याच विस्मरणात गेली.

ती लोकर होती. वजनाला चार किलो, आणि जाडीला आमच्या मनगटाएवढी. आमचे मनगट पाहिलेल्या मंडळींना यात फारसे काही वाटणार नाही, पण लोकरीच्या दृष्टीने हे मान अवाढव्य होते. भाचीने सांगितले की तिकडील सूतव्यवसायाच्या मंडळाने धाग्यांच्या जाडीला शून्यापासून श्रेणी लावून दिलेल्या आहेत, आणि पूर्वी सहा अंकापर्यंतच्या श्रेणींत सर्व धागे मावत असत. परंतु लोकांना इतका जाड धागा हवासा झाला की ‘जंबो’ नावाची सात अंकाची श्रेणी निराळी निर्माण करावी लागली. वेतन आयोगदेखील सातापर्यंत गेलेले आम्ही पाहिले असल्यामुळे आम्हाला याचे आश्चर्य वाटले नाही.

‘‘आणि याचे चार इंचांत टाके किती?’’ सौभाग्यवतींनी विचारले.

‘‘फार तर सहा. हे तर त्याहून जाड आहे मावशी, यात दोन आले तरी पुष्कळ.’’

‘‘दोन?’’ ज्या आवाजात पूर्वी आत्याबाई चीनचे नाव घेत, त्या आवाजात सौभाग्यवती म्हणाल्या.

‘‘म्हणून तर एका दुपारी पांघरूण होतं! आणि सुयासुद्धा लागत नाहीत, हातांवरच विणायचं.’’

‘एका दुपारी’ या दोन शब्दांनी जगात किती अनर्थ केले असतील याची गणती करणे कठीण आहे. एका दुपारी माळा आवरून होतो, एका दुपारी भिंतीला रंग लागतो, एका दुपारी सुट्या कागदांचे दप्तर लागते, अशी ग्वाही देणारी माणसे प्रामाणिक असतात. केवळ ती दुपार कोणत्या पंचांगातील असते हे ती सांगत नाहीत.

हातांवर विणण्याची पद्धत कागदावर फारच सुबोध आहे. एका हातावर बांगड्यांच्या क्रमाने टाके चढवावयाचे, मुठीत लोकर धरून एकेक टाका त्या मुठीवरून उतरवावयाचा, आणि जो नवा फास तयार होईल तो दुसऱ्या हातावर चढवावयाचा. ओळ पूर्ण झाली की सर्व टाके उजवीकडून डावीकडे आलेले असतात, आणि पुढील ओळीत ते डावीकडून उजवीकडे परत जातात. यातील मर्म असे की विणणाराचा एक तरी हात कोपरापर्यंत नेहमी बेडीत असतो. सुयांवरचे विणकाम मनुष्य बाजूस ठेवून उठू शकतो. येथे उठणाराबरोबर विणकामही उठते, विणकामाबरोबर चार किलोंचा ढीग उठतो, आणि ढिगाबरोबर त्याच्यात गुंतलेला आमचा चष्मा उठतो.

पहिल्या ओळीचे टाके सौभाग्यवतींच्या डाव्या हातावर आलेले होते, भाची स्नानास गेलेली होती, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर दाराची घंटा वाजून गॅसचा सिलिंडर आला. सिलिंडर आणणारा मनुष्य हल्ली सिलिंडरपेक्षाही ओटीपीची अधिक काळजी घेतो, हे सर्वश्रुत आहे. तो अंक सौभाग्यवतींच्या मोबाईलमध्ये होता, मोबाईल त्यांच्या अंगठ्याच्या ठशाखेरीज उघडत नव्हता, आणि तो अंगठा पंधरा फासांच्या पलीकडे होता.

‘‘हात पुढे करा,’’ सौभाग्यवतींनी हुकूम सोडला, आणि आम्ही जन्मभराच्या सवयीने तो पुढे केला. मागाहून त्या मोकळ्या हाताने स्वयंपाकघरात गेल्या, आणि आम्ही खांद्यापर्यंत शुभ्र लोकरीने वेढलेला हात अधांतरी धरून दारात उभे राहिलो.

‘‘काका, फ्रॅक्चर?’’ त्या सहृदय मनुष्याने विचारले.

‘‘नाही. पांघरूण.’’

त्याने एकदा आमच्याकडे, एकदा पाटीवरील घरक्रमांकाकडे पाहिले आणि सिलिंडर उंबरठ्याबाहेरच ठेवला.

या प्रसंगानंतर हातांवरचे विणकाम तहकूब होऊन सुया आणण्याचा ठराव झाला. पुण्यात विणकामाच्या सुया म्हटले की तुळशीबाग, आणि तुळशीबाग म्हटले की पिशव्या धरण्यासाठी आम्ही, हा क्रम ठरलेलाच आहे. भाचीने कागदावर लिहून दिले होते: ‘पन्नास नंबर’. आता आपल्याकडील सुयांची क्रमवारी जुन्या विलायती पद्धतीची असून तिच्यात अंक वाढेल तशी सुई बारीक होते, म्हणजे चौदा नंबरची सुई दोन मिलिमीटर, आठ नंबरची चार मिलिमीटर, आणि एक नंबरच्याही खाली जाड सुया करायच्या झाल्या तेव्हा अंक शिल्लक न राहिल्याने तेथील विद्वानांनी शून्य, मग दोन शून्ये, मग तीन शून्ये अशी पायरी पायरीने दिवाळखोरी पत्करली. अमेरिकेत याच्या बरोबर उलट कायदा असून तेथे अंक वाढेल तशी सुई जाड होते, आणि पन्नास नंबर म्हणजे तब्बल पंचवीस मिलिमीटर. हा मुलकी भेद दुकानदाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

‘‘पन्नास नंबर?’’ तो हबकून म्हणाला. ‘‘ताई, चौदाच्या पुढं सुई दिसते तरी का डोळ्यांना! पन्नासला भिंग लागेल.’’

सौभाग्यवतींनी तर्जनी आणि अंगठा यांचे वर्तुळ करून अपेक्षित जाडी दाखविली. दुकानदाराने ते वर्तुळ बराच वेळ न्याहाळले, नंतर समोरच्या गल्लीकडे बोट केले आणि अत्यंत विनयाने सांगितले, ‘‘पडद्याचे दांडे तिकडे मिळतील.’’

अखेर प्रकरण सुताराकडे गेले. आम्ही त्याला नमुन्याचे चित्र काढून दिले: सागवान, इंचभर जाडी, अडीच फूट लांबी, एक टोक निमुळते, दुसऱ्या टोकाला गोल बोंड.

‘‘खुंट्या?’’

‘‘नव्हे, सुया.’’

‘‘काय शिवायचंय?’’

‘‘शिवायचं नाही, विणायचं आहे.’’

‘‘मग बाज म्हणा की!’’ त्याचा चेहरा उजळला. ‘‘बाजेला सुई कशाला? पट्टी आणा, मीच विणून देतो.’’

बाज नव्हे, पांघरूण, असे आम्ही त्याला शांतपणे समजावून दिले. त्यानेही ते शांतपणे ऐकून घेतले, आणि एरवी काम झाल्यावर पैसे घेणाऱ्या त्या गृहस्थाने या खेपेस संपूर्ण रक्कम आगाऊ मागितली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडात २०१७ साली एका विद्यार्थिनीने चौदा-पंधरा फूट लांबीच्या सुया करवून घेऊन त्यांवर विणले आणि जागतिक विक्रमाच्या बुकात नाव घातले. तिच्या गावच्या सुताराला काय वाटले असेल हे त्या बुकात नोंदविलेले नाही.

जाड सुयांचा एक मोठा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो: त्या हरवत नाहीत. पूर्वी दहा नंबरची सुई गादीत शिरली की तिचा शोध प्रायः आमच्या पाठीला लागत असे. या सुया हरवत नसल्या तरी त्यांची नेमणूक मात्र अन्यत्र होऊ लागली. ‘‘माझी सुई कुठे गेली?’’ असा पुकारा झाला, की आमच्या कामवाल्या मावशी गच्चीतून उत्तर देत, ‘‘आत्ता देते वहिनी, दांडीवर परकर सरकवत्येय.’’ उंच बांधलेल्या दांडीवर ओले कपडे टाकण्यासाठी इतकी सुबक काठी त्यांना उभ्या हयातीत मिळालेली नव्हती.

बारीक विणकामात माणसाची फक्त बोटे हलतात. या विणकामात खांदे, पाठ आणि क्वचित शेजारी हलतात. सौभाग्यवती दिवाणाच्या मध्यभागी बसत, आणि त्यांच्या दोन्ही कोपरांच्या टोकापर्यंतची जमीन त्यांच्या अमलाखाली जाई. त्या हद्दीत ठेवलेला चहाचा पेला दुसऱ्या ओळीपर्यंतही टिकत नसे. आम्ही प्रथम दिवाणाच्या कडेला, तेथून खुर्चीवर, आणि खुर्चीवर लोकरीच्या राखीव साठ्याची स्थापना झाल्यावर जिन्यात हललो. आमच्या वर्तमानपत्राच्या वाचनाला हल्ली जी उदासीन तटस्थता आलेली दिसते तिचे मूळ या जिन्यात आहे.

विणकामाचा वेग खरोखरच विलक्षण होता. सुलट टाक्यांची एक ओळ पाहता पाहता संपे, आणि ती संपल्यावर असे दिसून येई की चार ओळींखाली एक टाका गळालेला आहे. बारीक कामात टाका गळाला तर तेथे नक्षी होती असे सांगता येते, आणि बहुतेक नक्ष्यांचा उगम तसाच झाला असावा असा आमचा संशय आहे. पण या जाड कामात गळालेला टाका म्हणजे खिडकीच. शेजारच्या घरातील तीन वर्षांच्या नातवाने त्या खिडकीतून डोके बाहेर काढले आणि ते परत आत जाईना, तेव्हा त्याच्या आजोबांना पाचारण करावे लागले. हे गृहस्थ बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी नातवाला सोडविण्यापूर्वी खिशातील टेप काढून छिद्राचे माप घेतले.

‘‘वहिनी, इथं गाळा जास्त पडलाय,’’ ते म्हणाले. ‘‘वरचा भार घेणार कोण?’’

नातू घेत होता. पण तो प्रश्न तांत्रिक असल्यामुळे आम्ही मध्ये पडलो नाही. सौभाग्यवतींनी सगळे उसवले. उसवण्याचा वेगही तितकाच विलक्षण असल्याचे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि त्या सुप्रसिद्ध एका दुपारीची मुदत वरचेवर वाढवून घेण्याचा प्रघात पडला.

मध्यंतरी कृषिमहाविद्यालयाच्या मैदानावर भरलेल्या एका प्रदर्शनात घोंगड्यांची दुकाने लागली होती. तेथे सौभाग्यवतींनी पिशवीतून आपल्या लोकरीचा हातभर तुकडा काढून एका वृद्ध धनगराच्या हातावर ठेवला. यात जिज्ञासेपेक्षा अभिमानाचा अंश अधिक होता, आणि त्याला कारणही होते. कारण ही लोकर मेरिनो जातीच्या मेंढीची, आणि या मेंढीचे चरित्र एखाद्या राजकन्येला लाजविणारे आहे. स्पेनच्या राजांनी तिला शतकानुशतके देशाबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. १७६५ साली, म्हणजे इकडे थोरले माधवराव पानिपतानंतरची घडी बसवीत असताना, स्पेनच्या राजाने तिचा एक कळप सॅक्सनीच्या राजघराण्याला नजर केला, शतकाअखेरीस ती केपच्या वाटेने ऑस्ट्रेलियात पोहोचली, आणि तिचा एकेक केस मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा बारीक असतो. हे सर्व सौभाग्यवतींनी त्या म्हाताऱ्याला थोडक्यात सांगितले.

म्हाताऱ्याने तो तुकडा दोन बोटांत धरून किंचित ओढला. तो निम्मा त्याच्या हातात आला आणि निम्मा सौभाग्यवतींच्या.

‘‘लई मऊ हाय,’’ तो म्हणाला. मग त्याने तो उजेडाकडे धरून पाहिला. ‘‘पर बाई, ह्याला पीळ कुठंय? ह्ये अजून कातायचं ऱ्हायलंय.’’

‘‘हे असंच असतं. कातायचं नसतंच.’’

‘‘आन् पैसं?’’

सौभाग्यवतींनी किलोचा भाव सांगितला. ज्या माणसाच्या घरी लोकर पिंजून, कातून, मागावर विणून, वर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडे तयार होते, आणि ते घोंगडे पावसात मेंढपाळाच्या डोक्यावरून पाणी गळू देत नाही, त्या माणसाने तो भाव आपल्या जोडीदाराला मोठ्याने सांगितला, आणि दोघेही आमच्याकडे अशा करुणेने पाहू लागले की आम्ही तेथल्या तेथे एक घोंगडे विकत घेतले. त्याची किंमत त्या लोकरीच्या एका किलोपेक्षा कमी भरली. मनुष्यस्वभाव मोठा गहन आहे: काम पूर्ण करणाराला आपण घासाघीस करून पैसे देतो, आणि अर्धवट सोडणाराला मागेल तेवढे देऊन वर त्याच्या साधेपणाची तारीफ करतो. सरकारी बांधकामांच्या बाबतीत हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक होते. लोकरीच्या बाबतीत मात्र नवे होते.

पीळ नसल्याचे परिणाम यथावकाश भोगावयास मिळाले. पीळ हाच केसाला केसाशी बांधून ठेवणारा जामीन; तो नसला की प्रत्येक केस स्वतंत्र बाण्याने संचार करू लागतो. वरणात केस, चष्म्यावर केस, देवाच्या समईत केस. आम्ही काळा कोट घालून एका सत्कारसमारंभास गेलो असता अध्यक्षांनी भाषणात ‘हिमालयासारखे व्यक्तिमत्त्व’ असा आमचा उल्लेख केला, आणि श्रोत्यांनी त्याला शब्दशः दाद दिली.

या काळात सौभाग्यवतींचा उत्साह केवळ लोकरीवर थांबला असता तर निराळी गोष्ट होती. परंतु जाड धाग्याची चटक लागली की घरातील सर्व मऊ वस्तू धाग्याच्या रूपात दिसू लागतात. भाचीने तिकडे जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्या कापून त्यांचा जाड दोरा करतात असे सांगितल्यावर, आमच्या कपाटातील बनियनांची जप्ती झाली. यादी नाही, पंचनामा नाही. त्या पट्ट्यांचे, बोटाएवढ्या जाड क्रोशाच्या सुईने, पायपुसणे विणावयाचे ठरले. गोल वस्तू सपाट राहावी असे वाटत असेल तर मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरीत सहा खांब वाढवावे लागतात, हा नियम सौभाग्यवतींना झोपेतही पाठ. पण बनियनांच्या वयोमानाप्रमाणे एक पट्टी अतोनात ताणली जाई तर दुसरी मुळीच ताणली जात नसे, त्यामुळे पायपुसण्याच्या कडा प्रथम सावकाश आणि नंतर निर्धाराने वर चढू लागल्या.

‘‘ही टोपली आहे,’’ सौभाग्यवतींनी जाहीर केले.

‘‘पायपुसणं होतं ना?’’

‘‘कांदे-बटाट्यांना टोपली हवीच होती.’’

त्या टोपलीत कांदे ठेवताच ती हळूहळू लांबत गेली आणि आठवड्याअखेर जमिनीला टेकून तिची पिशवी झाली. वस्तूचे बारसे ती पूर्णपणे स्थिरस्थावर झाल्यावरच करावे, हा धडा सौभाग्यवतींनी त्यातून घेतला. आम्ही बनियनांचे दोन जोड कचेरीच्या जुन्या दप्तरात लपवून ठेवले.

पांघरूण पूर्ण झाले तेव्हा एप्रिल उजाडला होता आणि पुण्याचा पारा चाळिसाकडे निघाला होता. ते पाहण्यास पेठेतल्या भगिनीमंडळाच्या सभासद आल्या. बारीक कामाची वाहवा करताना बायका जवळ येतात, कडेला बोट लावतात, उलट बाजू पाहतात आणि मग मत देतात. हे पांघरूण पाहताना त्या दोन पावले मागे सरल्या. ‘‘अगंबाई, केवढं मोठं!’’ यापलीकडे कोणालाही विशेषण सुचले नाही. एकीने तर ‘‘किती दिवस लागले?’’ असे विचारण्याचाही अविचार केला. सौभाग्यवतींनी निर्विकारपणे सांगितले, ‘‘एक दुपार.’’

एवढ्या मेहनतीचे पांघरूण वापरावयाचे नाही हे कोणत्याही न्यायाला धरून झाले नसते. म्हणून वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर लावून, वर पंखा सोडून, खोलीत कृत्रिम मिनेसोटा निर्माण करण्यात आला आणि प्रयोगासाठी अर्थातच आमची निवड झाली. चार किलो वजन छातीवर आले की मनुष्याच्या मनात आपोआप गत आयुष्याचे चिंतन सुरू होते. जेथे लोकर होती तेथे घामाने जीव गुदमरत होता, आणि जेथे दोन टाक्यांमधली फट होती तेथून गार वारा थेट बरगड्यांना लागत होता. एकाच शरीरावर कोकण आणि काश्मीर एकाच वेळी नांदताना आम्ही यापूर्वी पाहिले नव्हते. मध्यरात्री कूस बदलली तेव्हा दोन्ही पावले दोन निरनिराळ्या फासांतून पार झाली, गुडघा तिसऱ्यात अडकला, आणि सकाळी आम्हाला बाहेर काढताना सौभाग्यवतींनी सूचना दिली, ‘‘पाय ओढू नका, टाका सैल पडेल.’’ आमच्या पायाच्या सैलपणाची चौकशी झाली नाही.

मग धुण्याचा प्रश्न आला. ही लोकर गरम पाण्यात घालून चोळली की तिचे केस एकमेकांत गुंतून सगळ्याचा नमदा होतो, म्हणून घरी धुण्याची मनाई. कामवाल्या मावशींनी ते एकदा उचलून पाहिले, खाली ठेवले आणि एवढेच विचारले, ‘‘पगार वाढवनार का?’’ तेव्हा आम्ही ते रिक्षात शेजारी बसवून लाँड्रीत नेले.

‘‘काय म्हणून लिहू?’’ पावती फाडण्यापूर्वी तेथील कारकुनाने विचारले. ‘‘शाल?’’

‘‘शाल म्हणा.’’

त्याने ते तराजूवर टाकले आणि शाल खोडली. मग त्याने ‘ब्लँकेट’ लिहिले, छिद्रांतून हात घालून पाहिला आणि तेही खोडले. ‘गालिचा’ लिहून त्याने मालकाला आत हाक मारली. मालकाने बाहेर येऊन पाहिले आणि गालिच्याचा दर लागू केला, तो चौरस फुटावर होता. वर ‘वस्तूस छिद्रे आधीपासून आहेत’ असा शेरा मारून त्यावर आमची सही घेतली.

हे पांघरूण ज्या हवेत जन्मायला हवे होते त्या हवेत ते पोहोचते करावे, असा सुज्ञ विचार जूनमध्ये निघाला, कारण भाचीचे सासू-सासरे तिकडे निघाले होते. विमानात प्रत्येक नगाला तेवीस किलोंची मर्यादा असते, आणि मराठी सासूच्या त्या तेवीस किलोंवर मेतकूट, गोडा मसाला, चकलीची भाजणी आणि कुरडया यांचे पिढीजात हक्क आहेत; त्यांतून चार किलो काढून देणे म्हणजे वतनावर पाणी सोडणे. पिशवीतून हवा शोषून घेण्याचा उद्योग आमच्या घरच्या झाडूयंत्राने करून पाहिला, परंतु पांघरुणाने यंत्रातच निम्मा मुक्काम केला. शेवटी विहीणबाईंनी तोडगा काढला आणि ते पांघरूण यजमानांच्या खांद्यावर घातले. जूनमधल्या मुंबईच्या विमानतळावर ते सद्गृहस्थ सुरक्षातपासणीच्या रांगेत घामाने निथळत उभे राहिले, तेव्हा तेथील जवानाने त्यांना अदबीने बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली, असे त्यांनी पोहोचल्याच्या निरोपाबरोबर कळविले. निरोपाचा एकंदर सूर थंड होता.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला. मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो खरा, परंतु तो घराबाहेर. घरात हिवाळाभर उष्ण हवा खेळविलेली असल्यामुळे माणसे अर्ध्या चड्डीवर वावरतात आणि पांघरूण घेण्याची वेळ येत नाही. ते कोचावर अंथरले आहे आणि फार शोभते. ‘‘आणि मावशी, आमचा ब्रूनो रात्रंदिवस त्यावरच असतो, हलायला तयार नाही.’’

ब्रूनो हा त्यांचा कुत्रा. आम्हाला वाटले, सौभाग्यवतींचा आता विरस होणार. पण पाहतो तो त्यांचे डोळे पाणावलेले.

‘‘मुक्या जिवाला तरी ऊब लागली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याला बिचाऱ्याला बाहेर फिरायला जावं लागतं ना बर्फात.’’ आणि कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी भाचीकडून मापे उतरवून घेण्यास प्रारंभ केला. मान इतकी, पाठ इतकी, छाती चौतीस इंच. फोन ठेवल्यावर त्यांची दृष्टी खोलीभर फिरत फिरत आमच्यावर येऊन स्थिरावली. आमच्या सदऱ्याचे माप त्यांना अर्थातच ठाऊक होते.

पुढील क्षणी नव्या लोकरीचा पहिला वेढा आमच्या छातीभोवती होता. अशा प्रसंगी निदान कणा तरी ताठ ठेवावा म्हणून आम्ही छाती काढून उभे राहिलो.

‘‘अहो, वाका जरा,’’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘‘कुत्रा काही असा ताठ उभा राहत नाही.’’